कोष्ट्याचं खोटं

फार पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शिपायाच्या घरी जन्मला आणि वयात आल्यावर नगररक्षक झाला. त्याचं नाव भद्रजित. तक्षशिलेला पाठवण्याइतकी घरची ऐपत नव्हती. जे शिकला ते चौकीत, माणसांचं ऐकून शिकला.

चौकीचा प्रमुख वृषकेतू नावाचा म्हातारा होता. खुनासारखा मोठा गुन्हा घडला की संशयिताला त्याच्यापुढे उभं करीत. वृषकेतू मिशीला पीळ देत त्याच्या डोळ्यांत रोखून बघे. नजर खाली गेली, हात थरथरला, की माणूस खोटारडा ठरला. मग तो त्याला मूठभर तांदूळ चघळून थुंकायला लावी. तांदूळ कोरडे पडले की शूळ ठरलेला. "चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही," असं तो चारचौघांत सांगे आणि दरबारातले त्याच्या वयाचे सगळे माना डोलवत. ज्यांना त्याने शुळावर चढवलं ते काही परत येऊन त्याची चूक काढणार नव्हते.

भद्रजितची रीत निराळी होती. संशयिताशी पहिलं बोलणं झालं की तो चौकीच्या मागच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढी. उभी रेघ म्हणजे माणूस खरं बोलतोय, आडवी म्हणजे खोटं. पुढे माल सापडला, साक्षीदार मिळाले, खरं काय ते बाहेर आलं, की तो त्या भिंतीपाशी जाई आणि आपली रेघ चुकली असेल तर तिच्याभोवती गोल काढी. सहा वर्षांत नव्वद रेघा झाल्या. त्यांतल्या तीस गोलात होत्या. त्याच्याइतकं माणूस ओळखणारं वाराणसीत कोणी नाही असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. वृषकेतूने अशी भिंत कधी रंगवलीच नाही, म्हणून तो कधी चुकलाच नाही.

एके सकाळी हस्तिदंताचा व्यापारी यशोधर आपल्या कोठारात मेलेला सापडला. अंग अजून गरम होतं. गळ्याभोवती कोष्टी वापरतात तशी सुताची दोरी होती. आदल्या दिवशी मल्लक नावाच्या कोष्ट्याशी त्याचं कापड बिघडल्यावरून भर रस्त्यात भांडण झालं होतं. शिपायांनी मल्लकाला धरून आणलं. यशोधराचा पुतण्या कुंदक रडत चौकीत आला.

"मी पैलतीरी पाहुण्यांकडे होतो हो," तो म्हणाला. "सकाळच्या नावेने आलो, तर काका असे पडलेले!"

हे सांगताना त्याने वृषकेतूच्या डोळ्याला डोळा भिडवला होता. मल्लकाने मात्र मान वर केली नाही.

"पहाटे नदीवर सूत धुतलं. घरी आलो," एवढंच तो पुटपुटला. त्याच्या तोंडातले तांदूळ कोरडे पडले.

"झालं," वृषकेतू म्हणाला. शुळाच्या आज्ञापत्रावर दोन रक्षकांच्या मुद्रा लागत. त्याने आपली उठवली आणि पत्र भद्रजितपुढे सरकवलं. "उठव पोरा. महिनाअखेर मी घरी बसणार. महाराजांना तुझं नाव सांगितलंय. या बैठकीवर तू बसशील."

"तांदळाने मला पटत नाही, आजोबा. परवा तो नवा शिपाई तुमच्यापुढे पहिल्यांदा उभा राहिला ना, त्याचेही तांदूळ कोरडेच पडले असते."

"मला शिकवतोस? माझ्या मिशा काय उन्हात पांढऱ्या झाल्या?"

"कशात झाल्या ते मला कसं ठाऊक असणार?" भद्रजित म्हणाला. शिपायांनी हसू दाबलं. "पण गळ्याशी दोर आला की खराही घाबरतो आणि खोटाही. तुम्ही भीती ओळखता. ती तर आंधळाही ओळखेल."

खरी गोष्ट अशी होती की त्या दिवशी भद्रजितनेही भिंतीवर मल्लकाच्या नावाची आडवी रेघच ओढली होती. चेहऱ्यावरून नव्हे. मल्लकाची गोष्ट नदीपाशी येऊन बंद पडत होती. घाटावर कोण होतं, पाणी किती चढलं होतं, काही म्हणजे काही तो सांगत नव्हता. भद्रजित घाटावर गेला. धुणं धुणाऱ्या बाया म्हणाल्या, "मल्लककाका? आठ दिवसांत इकडे फिरकले नाहीत."

वृषकेतूने मांडीवर थाप मारली. "पकडलंस की खोटं! आता आणखी काय पाहिजे?"

"तो कशाबद्दल खोटं बोलला, ते पाहिजे."

वृषकेतूने मुद्रेसाठी दोन दिवस दिले. भद्रजित मल्लकाच्या घरी गेला. बायको वारलेली, घरात दुसरं कोणी नाही. मागावर हातभर रुंदीचं मऊ दुपटं अर्धं विणून राहिलं होतं. शेजारणीला विचारलं, तर म्हणाली, "एक मुलगी होती. ती आम्हाला मेली." एवढं बोलून तिने दार लावून घेतलं. भद्रजित तसाच कोठडीत परत आला आणि मल्लकासमोर जमिनीवर बसला.

"काका, मागावरचं दुपटं कोणासाठी?"

मल्लकाने तोंड उपरण्यात लपवलं. मग म्हातारा हुंदके देऊन रडला.

"माझी रोहणा चांडाळाच्या घरी नांदते, लेकरा. नात झालीय तिला. त्या पहाटे तिला बघायला गेलो होतो. हे कळलं तर आमच्या जमातीचे पंच पोरीच्या झोपडीला आग लावतील. तशी शपथच घेतलीय त्यांनी. मला शुळावर जाऊ दे. पण हे बोलू नकोस."

भद्रजितने त्याला वचन दिलं. तरी त्याच्या रडण्यावर भरवसा ठेवला नाही. रडणाऱ्यांनीही त्याला पूर्वी फसवलं होतं. तो वेशीबाहेरच्या वस्तीत गेला आणि मुलीला, जावयाला, विहिणीला वेगवेगळं बसवून त्या पहाटेचं विचारलं. विहीण म्हणाली, व्याही आले तेव्हा पेजेला उकळी फुटत होती. जावई म्हणाला, पेज खाऊन झाली होती. दोघांचं जुळलं नाही, याने भद्रजितला बरंच वाटलं. तिघांनी एकसारखंच सांगितलं असतं, तर ते ठरवून बोलताहेत असं त्याने धरलं असतं. पण आजोबांनी हातात घेताच बाळाने त्यांचं उपरणं ओलं केलं, हे तिघांनीही आपापल्या शब्दांत सांगितलं. मल्लकानेही तेच सांगितलं होतं.

मग कुंदकाचं बोलणं पडताळायला तो नावेत बसला, पैलतीरी गेला आणि परत आला. उतरताना गुडघाभर चिखलात रुतला. नावाडी हसून म्हणाला, "उतरायची फळी वाहून गेली. सहा दिवस झाले, सगळे असेच उतरतात." खुनाला त्या दिवशी दोनच दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. भद्रजितने कुंदकाला जवळ बोलावलं आणि सौम्यपणे विचारलं, "त्या सकाळी नावेतून उतरलास तेव्हा पाय कुठे ठेवलास?"

कुंदक त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "कुठे म्हणजे? फळीवर. नेहमी ठेवतो तिथे."

नावाड्याला आत आणलं. त्याने फळीचं सांगितलं. शिपायांनी कुंदकाच्या घराची झडती घेतली तेव्हा काकाच्या अंगठ्या आणि कोठाराची किल्ली त्याच्या अंथरुणात सापडली. मग त्याने सगळं कबूल केलं.

राजाने वृषकेतूला विचारलं, "हा तुमच्या नजरेतून कसा सुटला?"

"महाराज, त्याने... त्याने नजर चुकवली नव्हती," वृषकेतू म्हणाला. दरबारात कोणीच मान डोलवली नाही.

राजा भद्रजितकडे वळला. "आजपासून नगररक्षकांचा प्रमुख तू. आता एवढं सांग, कोष्टी त्या पहाटे होता कुठे?"

मल्लकाचे हात जोडलेलेच होते. बाजूला त्याच्या जमातीचे पंच कान टवकारून बसले होते.

"तो खोटं बोलला, महाराज. का बोलला ते मला कळलंय आणि मी ते पडताळून पाहिलंय. त्या खोट्याने कोणाचं काही बिघडत नाही. ते उघड केलं तर मात्र एक घर बेचिराख होईल. मी सांगणार नाही."

"मी राजा आहे. मला सांगणार नाहीस?"

"नाही."

"राजापासून लपवणाऱ्याला प्रमुख करता येणार नाही."

"मग नका करू," भद्रजित म्हणाला आणि नमस्कार करून मागच्या रांगेत उभा राहिला. राजाने मल्लकाला सोडलं. प्रमुखाची जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. भद्रजित जन्मभर साधा रक्षक राहिला आणि नव्या प्रमुखाने त्याला विचारल्यावाचून एकाही शुळाच्या पत्रावर मुद्रा उठवली नाही.

हाच बोधिसत्त्व पुढे शास्ता, म्हणजे भिक्खूंचा गुरू, झाला तेव्हा त्याने ही कथा जेतवनाच्या विहारात सांगितली. एका नवख्या भिक्खूने केवळ मान खाली घातली म्हणून एका स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूने, त्याला चोर ठरवलं होतं, आणि ते दोघेही समोर बसले होते. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा कुंदक म्हणजे देवदत्त. राजा म्हणजे आनंद. मल्लक कोष्टी म्हणजे हा नवखा भिक्खू. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेले वृषकेतू म्हणजे आपले हे स्थविर. आणि भद्रजित मीच होतो. आपली नजर किती वेळा चुकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती दुसऱ्याचा जीव सोपवावा. हीच प्रज्ञा पारमिता, प्रज्ञेची पूर्णता."