साळिंदराचा काटा आणि थोरला सातभाई

आरोग्य केंद्राच्या सुलभा सिस्टरने तीनदा निरोप धाडला, "आजोबा, शाळेतल्या पोरांना लशीवर एक गोष्ट सांगा." टोचणार त्या आणि तोंड शिणवायचं मी. चौथीतून पळालेला माणूस मी, मला कुठल्या येतात गोष्टी. सांगतो, पण एकदाच. मधे कोणी खुसपुसायचं नाही.

एका जंगलात ओढ्याकाठच्या बाभळीवर सातभाई पाखरांचा एक थवा राहत असे. मातकट रंगाची, सदा कलकलाट करणारी ही पाखरं तुम्ही पाहिलेली आहेत. दिवस मावळला की ती एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसतात. धडधाकट असतील ती दोन्ही टोकांना, वारा अडवायला. म्हातारी-कोवळी मधे. या थव्यात सहा मोठी पाखरं होती आणि एक पिल्लू. वाऱ्याकडचं टोक थोरल्याचं. त्याची छाती रुंद होती, आणि ती रुंद आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पण पिल्लावर त्याचा भारी जीव. दिवसातली पहिली अळी तो स्वतः न खाता पिल्लाच्या चोचीत घाली, आणि पिल्लूही आईला सोडून त्याच्याच मागे उड्या मारत फिरे.

त्या जंगलात थंडीबरोबर दरसाल खोकल्याचा ताप यायचा. एका म्हाताऱ्या साळिंदराकडे त्यावर उपाय होता. थंडी पडायच्या आधी तो एका पाल्याचा रस काढी, आपला काटा त्यात बुडवी आणि येईल त्याला टोचे. एकाचा काटा दुसऱ्याला लावत नसे. त्या साली पाच पाखरं जाऊन टोचून आली. राहिला थोरला.

पिल्लाची आई त्याची धाकटी बहीण. ती म्हणाली, "दादा, तू पण जाऊन ये. पिल्लाला अजून टोचता येत नाही, फार लहान आहे म्हणतात. आपण सगळ्यांनी घेतलं तर त्याच्यापर्यंत ताप सहसा पोचायचा नाही."

"मला कधी आजारी पाहिलंस? आणि गेल्या साली काटा घेतला की. दोन दिवस पंख उचलत नव्हता. एकदा घेतला तेवढा पुरे."

"दादाला काट्याची भीती वाटते," शेजारचं एक पाखरू म्हणालं, आणि सगळी खिदळली. झालं, थोरला आणखीच अडून बसला.

ओढ्यावर साळिंदर भेटला. म्हणाला, "अरे, ताप दरसाल तोंड बदलून येतो. गेल्या सालचा काटा यंदाच्याला ओळखेलच असं नाही."

"बाबा, माझा काटा एखाद्या अशक्ताला ठेवा. माझी छाती बघा."

"छाती बघितली," साळिंदर म्हणाला. "रांगेत तुझ्याबरोबर कोण झोपतं, तेही बघितलंय."

थोरला हसला आणि उडून गेला.

थंडी पडली. एके दिवशी थोरला दोनदा शिंकला. घसा खवखवू लागला. "धूळ गेली," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी वारा असा सुटला की मधे बसलेलं पिल्लूही कुडकुडू लागलं. थोरल्याला ते बघवेना. टोक दुसऱ्याला देऊन तो मधे आला, पिल्लाला पंखाखाली घेतलं आणि आपली मान त्याच्या मानेवर टाकली.

"दादा, तुझं अंग कढत लागतंय," बहीण म्हणाली.

"मग चांगलंच आहे की, पिल्लाला ऊब. झोप तू."

थोरल्याला दोन दिवस कणकण आली आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा अळ्या टिपू लागला. टोचलेल्यांतल्या एका म्हातारीलाही ताप आला, पण हलका. तीही उठली. पिल्लाचा मात्र चढला तो उतरला नाही. थोरल्याने अळी आणून त्याच्या चोचीशी धरली. पिल्लाने चोच उघडली नाही. चौथ्या सकाळी ते बाभळीखाली पडलेलं होतं.

थोरल्यावर कोणी आवाज चढवला नाही. तेच त्याला जड गेलं. दिवसभर तो पलीकडच्या झाडावर एकटा बसून राहिला. दिवस मावळताना आपण होऊन आला आणि बहिणीसमोर मान खाली घालून म्हणाला, "माझ्यामुळं गेलं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

बहीण म्हणाली, "असं म्हणून ते परत येत नाही, दादा." आणि थोड्या वेळाने, "टोकाला ये. वारा सगळ्यांना लागतोय."

दुसऱ्या सकाळी थोरला साळिंदराकडे जाऊन टोचून आला. उशीर झाला होता, तरी गेला.

तात्पर्य : धडधाकट माणसाने दरसाल लस टोचून घ्यावी, ती स्वतःपुरती नव्हे, तर ज्याला अजून टोचता येत नाही अशा कुशीतल्या लेकरासाठी, आणि नाही घेतली व दुसऱ्याचं लेकरू गेलं, तर निदान त्याच्या दारात जाऊन चुकलो म्हणावं. एका पाखराला जे एका दिवसात जमलं, ते चार महिन्यांची होऊन गेलेल्या माझ्या नातीला लस न घेता, अंगात ताप असताना मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला सहा वर्षांत जमलेलं नाही, आणि तो माणूस म्हणजे माझा सख्खा भाऊ गजाबा.