उंदराचे दात

आषाढातला गुरुवार होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. एका गावात हैबती नावाचा एक रंगारी राहत होता, त्याच्या दारासमोर एसटी येऊन थांबली आणि तिथूनच त्याच्या नावाला उतरती कळा लागली.

त्या एसटीने शेजारचे आंतोन मास्तर गोव्याला भावाकडे चालले होते. छातीचं दुखणं होतं, तिकडच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. मास्तरांनी जन्मभर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेली. जाताना ती गिटार त्यांनी हैबतीच्या हातात दिली.

"हैबती, ही ठेव. मी नाही आलो तर माझी लेक फ्लोरा येईल. हिच्या अंगावर जे जे आहे ते तसंच राहू दे. फ्लोराला बरोबर कळेल."

"मास्तर, जिवापाड जपतो," हैबती म्हणाला. कंडक्टरने घंटी ओढली आणि एसटी गेली.

गिटार विजेवर वाजणारी होती, पण आतून पोकळ. पोटावर दोन बाजूंना वेलांटीसारख्या दोन खाचा. पोकळ असल्यामुळे वीज नसतानाही ती हळू गुणगुणायची. मास्तर दुपारी ओट्यावर बसून छेडायचे, तेव्हा हैबतीची बायको मंदा आपल्या तान्ह्या ठकीला मांडीवर घेऊन ऐकायची. पोर त्या आवाजात झोपी जायची.

वाद्य जुनं होतं, आणि दिसायचंही जुनं. मधासारखा रंग, त्यावर दुधाच्या सायीवर पडतात तशा बारीक सुरकुत्या. मास्तरांचं कोपर टेकायचं तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलेलं. पांढरी पट्टी पिवळी झालेली. तारा पिळायची एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या गिटारीची. आणि खालच्या कडेला बारीक बारीक खळग्यांची एक ओळ.

मंदाने ती गिटार भिंतीवरच्या खुंटीला अडकवून ठेवली. रोज फडक्याने पुसायची, तेवढंच.

श्रावण सरला, भादवा सरला. मास्तर वारल्याची चिठ्ठी आली. खंडेनवमी आठ दिवसांवर आली. शेवंताकाकू चहापत्ती मागायला आल्या, त्यांची नजर भिंतीवर गेली.

"काय रे हैबत्या, गावाची कपाटं नवी करून देतोस आणि तुझ्या घरात हे खरजुलेलं लाकूड? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा बघ."

हैबती हसला, पण टोमणा वर्मी लागला. काकू जाताच त्याने गिटार खाली काढली.

"अहो, काय करताय?"

"नवी करतोय. पूजेत ब्रशाशेजारी मांडू. मास्तरांची पोरगी आली की तोंडात बोट घालील."

"मास्तर म्हणाले होते, जशी आहे तशी."

"घेतली तशी परत कुणीही देईल. त्याला हैबती कशाला लागतो? आणि ही कड बघ, उंदराने कुरतडलीय. हे असं द्यायचं व्हय?"

मंदाने त्या खळग्यांवरून बोट फिरवलं. "उंदीर नाही हो हा. आपली ठकी पाळण्याची कड चावते ना, तसं आहे. दात येणाऱ्या लेकराचं काम आहे हे."

"आता लाकडाची भाषा तू मला शिकव!"

मंदाने वाद सोडला. खरं सांगायचं तर काकूंचा टोमणा तिलाही झोंबला होता.

रंगाऱ्याची रीत ठरलेली. आधी घासायचं, मग खळगे बुजवायला लांबी भरायची, मग रंग द्यायचा. हैबतीने तारा काढल्या आणि पॉलिश पेपर घेतला. कोपराची जागा घासली, सुरकुत्या घासल्या, ती कड तर दोनदा घासली. वर लांबी ओढली. त्यावर लालभडक रंगाचे चार हात दिले. वेगळी दिसणारी खुंटी बदलली, पिवळी पट्टी काढून पांढरी बसवली, तारा परत चढवल्या. खंडेनवमीला गिटार नव्या ट्रकसारखी चमकत होती. बघायला गल्ली लोटली. शेवंताकाकू म्हणाल्या, "हात आहे बाबा तुझा!"

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी फ्लोरा आली. लहानपणीच आजोळी गेलेली, आता पंचविशीची. हैबतीने मोठ्या ऐटीत गिटार तिच्या पुढ्यात ठेवली.

तिने पाहिली आणि म्हणाली, "ही नाही काका. बाबांची द्या."

"हीच की, बाय! नवी करून ठेवलीय तुझ्यासाठी."

फ्लोराने गिटार मांडीवर घेतली. उजव्या हाताने खालची कड चाचपली. एकदा, दोनदा, शेवटी डोळे मिटून. "इथं माझे दात होते. बाबा दरवर्षी गिटार घेऊन भेटायला यायचे, तेव्हा माझं बोट धरून त्यावरून फिरवायचे. म्हणायचे, ही तुझी सही." कड काचेसारखी गुळगुळीत होती.

मग तिने तारा छेडल्या. मडक्यात तोंड घालून बोलावं तसा घुमा, मेलेला आवाज आला. पाळण्यातली ठकी दचकून रडायला लागली.

"काका, खरी कुठं आहे?"

"लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो..."

"लेकराची शपथ नका घेऊ," फ्लोरा म्हणाली.

मंदा पुढं झाली. "ताई, मी डोळ्यांनी पाहिलेत ते दात. होते. ह्यांनी घासले."

"नवऱ्याची साक्ष बायको देणारच," दारातून शेवंताकाकू म्हणाल्या. त्याच काकू.

फ्लोरा भांडली नाही. गिटार खाली ठेवली, डोळे पुसले आणि रिकाम्या हाताने एसटीत बसली.

गावाने मात्र निकाल लावला. हैबत्याने अस्सल विकली आणि जत्रेतल्या खेळण्याला रंग फासून पोरीच्या माथी मारली. "कपाट नको द्यायला, बदलून देईल," असं लोक हसत हसत म्हणू लागले, आणि हसता हसता त्याचं काम बंद झालं.

एके दुपारी हैबती रंग खरवडायची पत्री घेऊन गिटारीपाशी बसला. आधी रंग काढला, मग लांबी काढली, खाली लाकूड लागलं. कोरं, सपाट. ज्या हाताचा त्याला अभिमान होता, त्या हाताने आधी घासलं होतं. दात कुठून राहणार?

मंदा ठकीला घेऊन शेजारी उभी होती. पोर आता चालायला लागली होती. उद्या शाळेत जाईल, तेव्हा तिला काय म्हणून हाक मारतील, हे मंदाला आजच ऐकू येत होतं.

"अहो, तुम्ही चोरी केली नाही, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण आता ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे."

तात्पर्य: दुसऱ्याची ठेव सुधारू नये, सांभाळावी, आपल्याला जो डाग दिसतो तोच धन्याची खूण असतो, आणि ती पुसली की खरा माणूसही चोर ठरतो. ज्यांच्या घरी कुणाची वस्तू विश्वासाने ठेवलेली असेल, त्यांच्या कानावर ही गोष्ट आजच घाला. त्यांनी पॉलिश पेपर हातात घेण्याआधी.