निरोप्या टिंबूची पिपाणी

जाईच्या कॉम्प्युटरमध्ये खूप खोल्या. भिंती जाडजाड. या खोलीतलं त्या खोलीत ऐकू जाईना. मग निरोप कोण नेणार? टिंबू नेणार.

टिंबू तिळाएवढा. गळ्यात पिपाणी. दारात गेला की वाजवायचा, पीं पीं.

एकदा काय झालं, टिंबू पळत होता. तुरुतुरु तुरुतुरु. पिपाणीची दोरी तुटली. पिपाणी चित्रपेटीत पडली. टुपुक. झाकण बंद झालं. धप्प.

टिंबूला रडूच आलं. निरोप आला, हे आता कुणाला कळणार?

"चित्रपेटी, चित्रपेटी, झाकण उघड."
"नाही उघडत. जाईच्या चित्रातला मोर अर्धाच रंगलाय. रंगताई रंग देईल, तर उघडेन. तिला सांग जा."

तुरुतुरु तुरुतुरु.
"रंगताई, रंगताई, रंग दे. झाकण निघेना, माझी पिपाणी मिळेना."
"रंग कपाटात आहेत रे. कपाटदादा दार उघडेल, तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"कपाटदादा, कपाटदादा, दार उघड. रंग येईना, झाकण निघेना, माझी पिपाणी मिळेना."
"आऽऽऽ. मी झोपलोय. घड्याळकाका घंटा वाजवतील, तर उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"घड्याळकाका, घड्याळकाका, घंटा वाजवा. दार उघडेना, रंग येईना, झाकण निघेना, माझी पिपाणी मिळेना."
"बाळा, मी आपल्या मनानं वाजवत नाही. जाई बटण दाबेल, तर वाजवेन."

जाई तर काचेपलीकडे, बाबांच्या मांडीवर. हाक ऐकू जाईना. टिंबू काचेशी उड्या मारू लागला. टुण टुण, टुण टुण.
"जाई, जाई, बटण दाब. घंटा वाजेना, दार उघडेना, रंग येईना, झाकण निघेना, माझी पिपाणी मिळेना."

"बाबा, ठिपका नाचतोय."
"अगं, निरोप आलाय. दाब बघू ते बटण."

जाईनं बटण दाबलं. टिक.
घड्याळकाकांनी घंटा वाजवली. ठण ठण.
कपाटदादा उठला. दार उघडलं. कर्रर्र.
रंगताईनं रंग दिले. निळा, हिरवा, जांभळा.
मोर रंगला, थुई थुई नाचू लागला. चित्रपेटीनं झाकण उघडलं.
"घे रे तुझी पिपाणी. नवी दोरी बांधलीय."

टिंबूनं पिपाणी गळ्यात घातली. जोरात फुंकली. पीं पीं, पीं पीं.
पटापट सगळी दारं उघडली.
"काय निरोप, टिंबू?"
"जाईचा मोर नाचतोय. बघायला चला."

निरोप पोचला दारोदारी,
गोष्ट आमची झाली पुरी.