कोणते काडतूस देशील?

एकदा एका डोंगरउतारावरच्या गावात एका तरुण सुनेवर असे काम येऊन पडले, जे तिने कधी स्वप्नातही मागून घेतले नसते. गावाची भातखाचरे रानाला लागून होती. भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरत आणि वर्षाचे धान्य तुडवून जात. म्हणून परवान्याची रायफल असलेली पाच-सहा घरे आळीपाळीने राखण करीत. नवी काडतुसे तिथवर क्वचितच पोचत. तेव्हा उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी जपून ठेवायची आणि दारू व गोळी घालून ती घरीच पुन्हा भरायची, अशी तिथली रीत. त्या रीतीला एक कडक नियम जोडलेला होता. दुसऱ्या घरी भरलेले काडतूस कोणी आपल्या रायफलीत घालायचे नाही. ज्या हाताची खात्री नाही, त्या हातची गोळी घातलेली रायफल गालाशी धरायची नाही.

तिच्या घरात काडतुसे भरण्याचे काम सासऱ्यांकडे असे. ते माघात वारले. नवऱ्याचा नेम उत्तम, पण बैठ्या कामाचा त्याला मनस्वी कंटाळा, आणि हे तोही लपवीत नसे.

"माझ्या हातून एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तर रायफल फुटेल, तोंडाचा पत्ता लागायचा नाही," तो म्हणाला. "तू भर. तू विरजण लावलेलं भांडंसुद्धा तीनदा उघडून बघतेस."

ही स्तुती होती की टोमणा, हे तिला उमगले नाही. तीनदा बघणाऱ्या माणसाला चौथ्यांदाही खात्री वाटत नाही, हे त्याला कोण सांगणार? पण दीड वर्षाच्या मुलीचा बाप ज्या रायफलीला गाल टेकवणार, तिच्यातले काडतूस आपल्या हातचे असणार, एवढे मात्र तिला त्या क्षणापासून पुरते कळले. त्यांच्या घराची राखणीची पाळी पंधरा दिवसांवर आली होती.

गावातल्या तीन पिढ्यांना हे काम शिकवणारा एक वृद्ध उस्ताद होता. ती मुलीला आणि सासूबाईंना घेऊन त्याच्याकडे गेली. सासऱ्यांची अवजारे त्याने हाताळून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही त्यांच्या सवयीनं झिजलेली आहेत. तू तुझी घे."

बाजाराच्या दिवशी अवजारांचा एक व्यापारी उस्तादाच्या पडवीत आला. त्याने दोन यंत्रे मांडली. एक साधे, एका दांड्याचे. दांडा एकदा ओढला की एकच काम होई, पुढच्या कामासाठी पुन्हा सगळी मांडामांड. दुसरे चकचकीत. वरच्या नळकांड्यात दारू भरायची, बाजूला रिकाम्या पुंगळ्या लावायच्या, आणि दांडा हलवीत राहायचे. चकती फिरत जाई आणि तयार काडतुसे टपटप खाली पडत.

"वहिनी, लेकुरवाळीनं हेच घ्यावं," व्यापारी म्हणाला. "पोर झोपेतून उठायच्या आत शंभर काडतुसं. ते दुसरं रिकामटेकड्या म्हाताऱ्यांसाठी. उस्ताद, राग मानू नका."

"राग कसला, गिऱ्हाईक ओळखलंस," उस्ताद म्हणाला. "पोरी, तुला कोणतं बरं वाटतं?"

तिने चकचकीत यंत्राकडे बोट दाखवले. जिथे आपला हात कमी, तिथे आपली चूकही कमी, असा तिचा सरळ हिशेब होता.

उस्तादाने वाद घातला नाही. यंत्राच्या नळकांड्यात त्याने दारूऐवजी राजगिरा ओतायला लावला, दहा पुंगळ्या दिल्या आणि म्हणाला, "चालव."

ती चालवू लागली. तीन पडली, चार पडली. पाचव्याच्या वेळी उस्ताद उठला, अंगणात गेला आणि खेळत बसलेल्या मुलीच्या हातातला भाकरीचा तुकडा शांतपणे काढून घेतला.

मुलीने भोकाड पसरले. "अहो, या वयात पोरीची भाकरी हिसकावता?" सासूबाई उसळल्या. आई दांडा अर्ध्यावर सोडून धावली. तुकडा परत मिळाला, मुलगी शांत झाली. आई पडवीत परतली, दांडा होता तिथून पुढे ओढला आणि उरलेली काडतुसे पूर्ण केली. उस्तादाचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी शंका तिला आली, पण ती तिने गिळली.

उस्तादाने दहाही काडतुसे तिच्यापुढे ओळीने उभी केली. "आता यातलं एक मला दे. नवऱ्याच्या रायफलीत घालायचं."

तिने एकाकडे हात नेला आणि मागे घेतला. दुसऱ्याकडे नेला. मुलगी रडली तेव्हा चकतीवरच्या पुंगळीत राजगिरा पडला होता का? आपण दांडा पुन्हा ओढला तेव्हा आणखी पडला का? आणि पाचवे यांतले नेमके कोणते? दहाही सारखीच चमकत होती.

"मला नाही देता येत," ती म्हणाली. आपण या कामाच्या नाहीच, हे सिद्ध झाले, असे वाटून तिचे डोळे भरून आले.

"तोलून बघा की," व्यापारी म्हणाला.

"पुंगळी पुंगळीच्या वजनात फरक असतो. आतलं कमी का बाहेरचं जास्त, ते काटा सांगत नाही," उस्ताद म्हणाला. त्याने एकेक काडतूस फोडले आणि राजगिऱ्याच्या दहा ढिगल्या केल्या. दहाही बरोबर होत्या.

व्यापारी मांडीवर थाप मारून हसला. "बघा! माझं यंत्र चुकलं का?"

"नाही चुकलं. पण हिला ते कळायला दहाही फोडावी लागली." मग तो तिच्याकडे वळला. "पोरी, शंका येते हा तुझा दोष नव्हे. शंका आल्यावर पाहायला जागा नसणे, हा त्या यंत्राचा दोष, निदान नवशिक्याच्या हाती. अनुभवी माणूस त्याच्या प्रत्येक खटक्याचा अर्थ जाणतो. तू आज फक्त खटका ऐकलास. नवशिक्याने अवजार असे निवडावे, जे मध्येच सोडून उठता येते आणि परत आल्यावर आपण कुठे होतो ते दाखवते. मूल रडणारच आहे. ते रडणार नाही असे धरून घेतलेले अवजार तुझ्या घरचे नव्हे."

मग तिने साधे यंत्र घेतले. दारू तोलायचा छोटा काटा घेतला. ओळीने भोके पाडलेली लाकडी फळी घेतली. भरलेल्या पुंगळ्या तोंड उघडे ठेवून तिच्यात उभ्या करायच्या, उजेडात तिरप्या धरून सगळ्यांतली दारू एका नजरेत पाहायची, आणि मगच गोळी बसवायची. पण या सगळ्याआधी उस्तादाने तिला बिघडलेले काडतूस परत उघडायचे अवजार घ्यायला लावले.

"म्हणजे बाई चुकणारच, असं धरून चाललात तुम्ही," व्यापारी म्हणाला.

"मी पन्नास वर्षं स्वतःबद्दल तेच धरून चाललोय. म्हणून दहा बोटं आहेत."

राखणीच्या पाळीच्या दिवशी तिने चुलीपासून दूरच्या खोलीत कडी लावून वीस पुंगळ्या मांडल्या. मुलगी दोनदा रडली. दोन्ही वेळा ती उठून गेली, परत आली, फळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि पुढे भरू लागली. आपण नीट भरले का, हे तिने मनाला विचारलेच नाही. मनाचे उत्तर तिला ठाऊक होते.

"एकोणीसच?" नवरा काडतुसे मोजत म्हणाला.

"एका पुंगळीवर बारीक रेघ आहे. चीर की ओरखडा, मला ठरवता येईना. ती नाही भरली."

"अगं, ओरखडाच असेल."

"असेलही," ती म्हणाली, आणि पुंगळी दिली नाही.

तो दिवेलागणीला खाचरांकडे गेला. काही वेळाने रानाच्या बाजूने रायफलीचा एक आवाज आला. पाठोपाठ त्याचीच लांबलचक आरोळी, डुकरांना हाकलणारी. ती तेव्हा मुलीला भात भरवत होती. तिचा हात मुलीच्या तोंडाकडे निघाला होता, तो न थबकता तसाच पोचला.