सावली दगडाला टेकेपर्यंत

फार वर्षांपूर्वी, जनावरं उन्हाळ्यातली दुपार पत्ते खेळून काढत, तेव्हाची ही गोष्ट. पत्ते पळसाच्या पानांचे असत. जिंकणाऱ्याला झऱ्याकाठचं थंडगार बीळ उन्हाळाभर राहायला मिळे. बाभळीची सावली पांढऱ्या दगडाला टेकली की खेळ थांबवायचा आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकला, असा नियम होता.

त्या वर्षी शेवटचा सामना मुंगूस आणि घोरपड यांच्यात लागला. घोरपड एका गुणाने पुढे होती. ती एकेक पान उचलून बघे, खाली ठेवी, पुन्हा उचले. मुंगूस कधी तिच्या पंजाकडे बघे, कधी सावलीकडे. 'ही विचार करत नाहीये,' त्याला वाटलं, 'वेळ काढतेय.'

सावली टेकली. पंच टिटवी "थांबा" म्हणाली, तसं मुंगूस उसळलं. "ही लबाडी आहे! हिने मुद्दाम वेळ काढला."

टिटवीलाही शंका होतीच. ती म्हणाली, "मग सावली विसरा. दोघांनी आणखी तीन-तीन पानं टाका."

मुंगूस आपलं पान झटकन टाकी. घोरपड मात्र पूर्वीसारखीच पान उचलत, ठेवत राहिली. आता वेळ काढून तिला काहीच मिळणार नव्हतं, तरी ऊन उतरेपर्यंत तिचा विचार चालला होता. शेवटी ती एका गुणाने हरली.

जिंकूनही मुंगूस खजील झालं. "तू खरंच एवढी सावकाश खेळतेस?"

"गेल्या उन्हाळ्यातही अशीच खेळले होते," घोरपड म्हणाली. "सावली टेकली तेव्हा तू पुढे होतास आणि बीळ तुला मिळालं. त्या दिवशी नाही तुला माझा संशय आला."