जिथे राजा चुकत नसे

एका राज्यात राजा चुकत नसे. म्हणजे चुकायचा हो, माणूसच तो! पण चुकला असं म्हणायची सोय नव्हती. राजा बोलला की ते खरं, आणि खरं नसलं तर प्रधानाने धावपळ करून ते खरं करून दाखवायचं, अशी तिथली रीत. राजाने चुकून घोड्याला बैल म्हटलं, तर संध्याकाळच्या आत घोड्याला शिंगं बांधून तयार.

रीत जुनी होती. राजाच्या पणज्याला एका मांत्रिकाने भर दरबारात "महाराज, चुकलात" म्हटलं. पणज्याने त्याला देशोधडीला लावलं. जाता जाता मांत्रिकाने शाप दिला: "तुझ्या कुळात जो राजा म्हातारा होईल, त्याच्या मानेवर घूस येऊन बसेल आणि त्याच्या आठवणी कुरतडेल. तुमच्यातला कोणी चूक म्हणणार नाही, म्हणून ती वाढतच जाईल." असा स्पष्ट शाप मिळाल्यावर माणसांनी काय करावं? रीत मोडावी. यांनी काय केलं? ती आणखी कडक केली. आता काय बोलावं!

तर या गादीवर राजा उदयध्वज म्हातारा झाला. एकदा ऐन चैत्रात तो म्हणाला, "आज दसरा. सोनं लुटायला चला." प्रधान गंभीररायाने मान लववली, हत्ती सजवले, आपट्याची पानं आणवली. माणसं घामाघूम होऊन एकमेकांना सोनं देत राहिली. मग राजाने सेनापतीला बोलावणं धाडलं. सेनापती वारला होता. प्रधानाने एका गवळ्याला चिलखत चढवून उभं केलं. राजा म्हणाला, "बारीक झालात." गवळी म्हणाला, "होय महाराज."

राणी शिलावती हे सगळं बघत होती आणि तिचं डोकं फिरत होतं. राजाला बाजूला घेऊन ती म्हणाली, "महाराज, आज दसरा नव्हता."

"आम्ही म्हटलं म्हणजे होता."

"होता, होता!" पडद्याआडून प्रधान ओरडला.

राणीने पदर खोचला आणि ती टेकडी चढून खडकाई मांत्रिकिणीकडे गेली. खडकाई खडकावर बसून काजळ घोटत होती. तिने वर न बघताच विचारलं, "घूस केवढी झाली? वासराएवढी झाली असेल तर आल्या वाटेने परत जा. मेले सगळे उशिराच येतात! घर पेटलं की मग विहीर कुठे आहे ते विचारतात."

"केवढी ते मला दिसत नाही," राणी म्हणाली. "महाराजांचं वय..."

"वय सांगू नकोस! वयाचं काय लोणचं घालू? कोणी साठीत विझतो, कोणी नव्वदीतही सुईत दोरा ओवते. राजाला दुसऱ्या कोणाशी ताडून बघू नकोस. कालचा राजा आणि आजचा राजा, एवढंच ताड. माझी साळुंकी घेऊन जा. तिने कालचा राजा पाहिलाय."

साळुंकी फांदीवरून म्हणाली, "पाहिलाय. बरा होता."

खडकाईने काजळाची डबी राणीच्या हातावर ठेवली. "हे घातलंस की घूस दिसेल. तीन परीक्षा घे: एक आठवणीची, एक वाटेची, एक हाताची. नुसतं सांगून उपयोग नाही, चूक त्याची त्याला कळली पाहिजे. 'मला आठवत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले की घूस गळून पडेल. खाल्लेलं परत मिळणार नाही, उरलेलं वाचेल. वासराएवढी झाली तर मात्र ती शेवटचं नाव खाईल. ते तुझं."

राणी मागे वळली. डबी मुठीत धरून ती टेकडी उतरली.

वाड्यात येऊन तिने काजळ घातलं. राजाच्या मानेवर मुठीएवढी घूस बसली होती, करड्या रंगाची, तोंड सारखं हलत असलेली.

पहिली परीक्षा जेवणापूर्वी झाली. साळुंकी म्हणाली, "महाराज, तीन वस्तू ध्यानात ठेवा. शंख, लिंबू, पणती. जेवण झाल्यावर विचारीन." सोपं होतं. पण प्रधान गप्प बसेल तर ना! जेवताना कोणी शंख फुंकू लागलं, वाढप्याने ताटात लिंबांचा ढीग घातला, भर दुपारी पाटासमोर पणत्यांची रांग लागली. साळुंकीने विचारलं. राजाने इकडेतिकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "शंख, लिंबू, पणती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राणी ओठ चावत बसली. घूस मांजराएवढी झाली होती.

दुसरी परीक्षा वाटेची. देवघरातून पागेपर्यंत राजाने एकट्याने चालत जायचं, तेही साळुंकीशी बोलत. "गेल्या साली याच वाटेने बोलत गेला होता," साळुंकी राणीच्या कानात म्हणाली. "पाय आपले आपण वळत होते." या वेळी राजा बोलायला लागला की थांबे आणि चालायला लागला की बोलायचं विसरे. मग तो पागेच्या उलट दिशेला वळला आणि धान्याच्या कोठारासमोर, भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. एक क्षण त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. राणी टाचा उंचावून बघू लागली. आता कळणार, आता म्हणणार!

तेवढ्यात प्रधानाचे गवंडी पहारी घेऊन धावले. भिंत फोडली, दार बसवलं, कोठारातून पोती उपसली आणि तिथे घोडे आणून बांधले. राजा आत जाऊन म्हणाला, "पोचलो."

"गंभीरराय!" राणी कडाडली. "आपण महाराजांना वाचवता आहात की बुडवता आहात?"

"राणीसाहेब, मी निष्ठावंत सेवक आहे."

"हीच तर पंचाईत आहे!"

राजाने आवाजाच्या दिशेने पाहिलं. "रागावू नका," तो म्हणाला, आणि मग नुसताच बघत राहिला. नाव ओठांपर्यंत यायला वेळ लागला. "शिलावती." घूस आता बोकडाएवढी झाली होती आणि राणीकडे बघून मिशा पुसत होती.

आता तिसरी परीक्षा हाताची. त्या राज्यात जेवणानंतर राजा स्वतःच्या हाताने राणीचा विडा लावून देई. लग्नाच्या दिवसापासून एकही दिवस चुकला नव्हता. भर दरबारात तबक आलं. राजाने पान घेतलं, पुसलं, शीर काढली. चुना लावला, कात लावला. थांबला. चुना लावला. सुपारी घातली. पुन्हा थांबला, तबकाकडे बघितलं आणि पुन्हा चुना लावला. लवंग टोचून त्याने विडा राणीच्या हातात दिला. हात तेच, ऐट तीच.

राणीने विडा तोंडात घातला. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं. प्रधान नजर ठेवून होता, पण करणार काय? राणीच्या तोंडात गवंडी कसे पाठवणार! तो घाईने म्हणाला, "विडा उत्तम आहे ना, राणीसाहेब?"

आणि हो, हेही ऐकून घ्या. असा विडा राणीला काही पहिल्यांदा मिळत नव्हता. चैत्रातल्या दसऱ्याच्या कितीतरी आधीपासून तिची जीभ भाजत होती, आणि दरबारातल्या सगळ्यांत आधी जे तिला कळलं होतं ते ती रोज गिळत होती. रोज "उत्तम" म्हणत होती. त्याचं मन दुखेल म्हणून! प्रधानावर एवढी चिडली, आणि स्वतः काय निराळं करत होती?

तिलाही त्या घटकेला हेच कळलं. तिने विडा तबकात थुंकला.

"चूक," ती म्हणाली. "महाराज, चूक झाली."

प्रधानाने कानांवर हात ठेवले. राजाचा चेहरा लाल झाला. "आम्ही? चूक?"

"चुना जास्त झालाय. ही माझी जीभ बघा." आणि एवढी मोठी राणी, तिने सगळ्यांदेखत लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढली. जीभ सोलवटली होती.

राजा आसनावरून उठून जवळ आला. वाकून त्याने जीभ पाहिली. "हे आम्ही केलं? चुना दोनदा लावला?"

"तीनदा. आणि आजच नाही."

राजाने पानाकडे पाहिलं, स्वतःच्या बोटांना लागलेल्या चुन्याकडे पाहिलं. प्रधान पुढे सरसावला, "महाराज, आजपासून राज्यात विड्याला चुना तीनदाच..."

"गप्प बसा, गंभीरराय," राजा म्हणाला. मग राणीकडे वळला. त्याचा आवाज अगदी खाली आला. "मला आठवत नाही. शिलावती, मला आठवत नाही."

घूस गळून पडली. पडता पडता आकसली, उंदराएवढी होऊन तबकात उताणी झाली. साळुंकीने तिला चोचीत धरून तटाबाहेर टाकून दिलं आणि चोच पुसली.

मग रीत मोडली. कोठाराची भिंत पुन्हा बांधली, गवळी चिलखत उतरवून आपल्या गायींकडे गेला. राज्यातली पिकल्या केसांची माणसं दरवर्षी टेकडी चढून खडकाईकडे परीक्षा द्यायला जाऊ लागली, ठणठणीत असली तरी. राणीही गेली. "डोकं शाबूत, गुडघे गेले," खडकाई म्हणाली, आणि रोज चालायला सांगितलं. प्रधान मात्र पहिली काही वर्षं पोटदुखीचं निमित्त सांगत राहिला. शेवटी साळुंकीने त्याला टोचत टोचत नेलं.

घुशीने खाल्लेलं परत आलं नाही. सेनापती वारला हे राजाला पुन्हा सांगावं लागलं, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा रडला. पण त्यापुढे आणखी काही गेलं नाही. दुपारी जेवण झालं की तबक येई. राणी समोर पाट ओढून बसे. राजा पान पुसायचा, शीर काढायचा, चुना लावायचा, पुन्हा बोट चुन्याकडे न्यायचा आणि थांबायचा.

"चुना लावला का?"

"लावलात."

कात, सुपारी, वेलदोडा. बोट पुन्हा चुन्याकडे.

"चुना लावला का?"

"लावलात हो, महाराज! किती वेळा सांगू?"

"रागावू नका, शिलावती," राजा म्हणायचा आणि विडा द्यायचा. राणी तो खायची, आणि चांगला झाला असला तरच चांगला म्हणायची.