सुलीच्या खडकापाशी माशाचं नाव घेत नाहीत

खडपेवाडीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात एक काळा खडक आहे. त्याला सुलीचा खडक म्हणतात. तिथे रापण लागली, म्हणजे मासळीभोवती लांब जाळं टाकून त्याचे दोर किनाऱ्यावरून ओढायला घेतले, की आतल्या माशाचं नाव कोणी घेत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. पाणी चमकलं तशी मी ओरडले, “तारली!”

“गप!” रापणीचे म्होरके, म्हातारे तांडेल तातू कुबल खेकसले. मी दोन पावलं मागेच सरले. मग तेच मऊ झाले. “वाळूत पडल्यार तारली म्हण, पेडवो म्हण, हैद म्हण. पाण्यात आसताना नाव घेव नको, बाय.”

त्याचं कारण असं सांगतात. फार मागे एका वर्षी तीन आठवडे मासळी फिरकलीच नाही. चुली थंड. मग एका सकाळी तारलीचा थवा आला. जाळं पडलं, पण ओढताना खडकाला अडकलं. तांडेलाची लेक सुली पट्टीची पोहणारी. बुडी मारून तिने ते सोडवलं, पण स्वतः आतच राहिली. पाय जाळ्यात गुंतला. चहूकडून मासा असा दाटला, की हात हलवायला जागा नाही, डोळ्यांपुढे नुसतं रुपेरी लखलखणं. ती तोंड वर काढून हाका मारी. किनाऱ्यावर मात्र उपाशी माणसं “तारली! तारली!” ओरडत, दर ओरडण्यासरशी दोर खेचत होती. सर्वांत मोठा आवाज तिच्या बापाचा.

शेवटी बापाला ठसका लागला, म्हणे. तो थांबला तसे सगळे थांबले. तेव्हा बारीकशी हाक ऐकू आली, “बाबा!”

त्याने दोर सोडला, दुसऱ्यांनाही सोडायला लावला. जाळं सैल पडलं, थवा निघून गेला, सुली सोललेल्या पायांनी वाळूवर आली.

“चेडू गावला,” मासळीऐवजी हाती लागलेल्या पोरीकडे बघत कोणीतरी म्हणालं. “आता तेकाच रांधा!”

मूठभर ओली वाळू उचलून तांडेलाने एकेकाकडून वचन घेतलं, की मासा वाळूत पडेपर्यंत त्याचं नाव कोणी घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी तोच थवा आपणहून परत आला, असं गावात सांगतात. मी तातूंना विचारलं.

“खय येता!” ते म्हणाले. “आठ दिस लोकांनी पेज पियाली.”

आजही जाळं किनाऱ्याशी आलं की दोर थांबतात. चाळीस माणसं श्वास धरून पाण्याकडे कान लावतात. तेवढ्यात बरीच मासळी खालून निसटते. त्या दिवशीही निसटली. तातू गुडघाभर पाण्यात गेले, वाकले, आणि हळूच म्हणाले, “आत कोण आसा काय गे?”

लाटेखेरीज कोणी बोललं नाही. मगच त्यांनी हात वर केला.